मदत हवी आहे: कुत्र्याच्या कोपरावर मधाचं ड्रेसिंग टिकत नाही

मध्यम आकाराचा कुत्रा, पुढच्या पायाच्या कोपरावर रुपयाच्या नाण्याएवढी उघडी जखम. हाड सुरक्षित आहे, अळ्या नाहीत, डॉक्टरांनी तपासलंय आणि मधाच्या ड्रेसिंगला होकार दिलाय. मध निर्जंतुक केलेला, मेडिकल ग्रेडचा. (स्वयंपाकघरातला नको, त्यात क्लॉस्ट्रिडियम या घातक जिवाणूचे बीजाणू असू शकतात. गरम केला तर जंतू मारणारं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करणारं एन्झाइमच निकामी होतं.)

सध्याची पद्धत: केस कापून सलाइननं धुणं, गॉजवर 3 मिमी जाड मध, वर कापसाचं पॅड, मग क्रेप बँडेज. मध ऊतींमधलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे पहिले काही दिवस स्राव वाढणार हे गृहीतच आहे. पण इथे पॅड सहा तासांत चिंब होतं, कडेची कातडी पांढरी पडून फुगते, आणि कोपर वाकलं की बँडेज खाली घसरतं. घट्ट बांधावं तर पंजा सुजतो. शिवाय मुंग्या!

तर विचारायचं ते असं: कडेला व्हॅसलीनचा पातळ थर पुरतो का? झिंक ऑक्साइड चाटलं तर विषारी, म्हणून ते नको. कापसाऐवजी फोमचं किंवा अल्जिनेटचं (समुद्री शेवाळापासून बनवलेलं, स्राव शोषणारं) ड्रेसिंग कुणी वापरलंय का? बँडेज छातीभोवती आठच्या आकड्यात नेलं तर काखेत घासतं का? आणि लाल, दाणेदार मांस भरू लागल्यावर मध लगेच थांबवता की दोन-तीन दिवसांआड चालू ठेवता?

जखम चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर आहेच. हळद-तुपाचे सल्ले कृपया नकोत.