'आयॉनिक लिक्विड'ला मराठीत काय म्हणायचं? आणि 'हिरवा द्रावक' चालेल का?

ओंजळ
एका विज्ञान मासिकासाठी लेखाचा अनुवाद करते आहे. जिवाणूंच्या पेशींकडून रसायनं बनवून घेताना टोल्युइनसारख्या द्रावकाऐवजी आयॉनिक लिक्विड, म्हणजे कमी तापमानालाच द्रव असणारं सॉल्ट, वापरतात, असा विषय. दोन दिवस पहिल्याच परिच्छेदात अडकले आहे. मी 'आयनिक द्रव' लिहिलं, संपादकांनी खोडून 'द्रवरूप लवण' केलं. मूळ लेखातल्या 'ग्रीन'चं, म्हणजे पर्यावरणाला कमी घातक या अर्थाच्या शब्दाचं, मी 'हिरवा' केलं, तर 'हिरवा द्रावक' वाचून चित्रकाराने चंबूत पोपटी पाणी काढून पाठवलं. प्रत्यक्षात हे द्रव बहुधा रंगहीन, फार तर पिवळसर असतात. आणि 'होल-सेल बायोकॅटॅलिसिस', म्हणजे अख्ख्या पेशीकडून रासायनिक क्रिया घडवून घेणं? देवनागरीत 'होलसेल' लिहिलं की वाचक थेट घाऊक बाजारात पोचतो.

रसशाळा
'लवण' नको. शाळेत आपण सॉल्टला क्षार आणि बेसला आम्लारी शिकलो. लवण हिंदी पुस्तकांतून शिरलं, आणि तिकडे क्षार म्हणजे बेस. हा घोळ मुलांच्या माथी कशाला मारायचा?

काजवा
रसशाळा, लवण हिंदीतून आलं हे मला मान्य नाही. विश्वकोशात सॉल्टला लवणच आहे. आमच्या घरी जेवण अंगावर आलं की आजी लवणभास्कर चूर्ण द्यायची, तिला हिंदी येत नव्हतं.

पाऊलवाट
आमच्याकडे क्षार म्हणजे बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर चढणारा पांढरा थर. 'द्रवरूप क्षार' वाचलं तर मला तोच थर पाघळलेला दिसेल.

रसशाळा
पण गंमत तिथेच आहे ना! साधं मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली ज्या इथिल अमोनियम नायट्रेटबद्दल लिहिलं, ते १२ अंशांच्या आसपासच वितळतं. शंभर अंशांच्या आत वितळतो तो आयॉनिक लिक्विड, अशी ढोबळ व्याख्या. त्यातले आयन बोजड आणि वेडेवाकडे असतात, त्यामुळे एकमेकांना घट्ट चिकटून स्फटिक बांधणं त्यांना जमत नाही. नुसतं 'आयनिक द्रव' म्हटलं तर मिठाचं पाणीही त्यात बसेल. हे पाण्यात विरघळलेलं मीठ नव्हे, मीठच द्रव झालंय. म्हणून 'द्रवक्षार'.

काजवा
'द्रवलवण' ऐकायला गोड आहे.

किण्व
मी या द्रवांवर काही वर्षं काम केलंय. माझं भांडण 'हरित' या शब्दाशी आहे. २००० साली ऱ्होडोकॉकस आर-३१२ या जिवाणूच्या पेशी पाण्याच्या थरात आणि १,३-डायसायनोबेंझीन हे कच्चं रसायन द्रवक्षाराच्या थरात ठेवून प्रयोग झाला होता. टोल्युइनपेक्षा पेशींना इजा कमी झाली, म्हणून सगळ्यांना आनंद झाला. हे द्रव हवेत जवळजवळ उडत नाहीत, तेवढ्यावर त्यांना हरित म्हणायला लागले. पण त्या प्रयोगातला ब्युटिल मिथिल इमिडाझोलियमचा हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा द्रवक्षार पाण्याशी, विशेषतः उष्णतेत, विघटन पावतो आणि हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. माझ्या एका चंबूची काच आतून धुरकट झाली होती. धुऊन गेली नाही, कारण तो डाग नव्हताच, काच खाल्ली गेली होती. शिवाय आयनाची कार्बनी शेपटी लांबवाल तसा तो पेशीच्या पटलात जास्त घुसतो आणि पेशी मरते. हवेत जात नाही ते पाण्यात जातं. कोलीनसारखे सौम्य आयन घेतले तर गोष्ट वेगळी. अनुवादकाने सरसकट 'हरित' लिहिणं म्हणजे न तपासता सही करणं.

ओंजळ
पण मूळ लेखकाने 'ग्रीन' लिहिलंय. ते मी कसं गाळू?

पाऊलवाट
गाळू नका. 'हरित मानले जाणारे द्रावक' लिहा. हरितक्रांती, हरितगृह यांमुळे 'हरित'ला रंगापलीकडचा अर्थ आलाय, तसा 'हिरवा'ला अजून नाही.

काजवा
'पर्यावरणस्नेही' आहे की.

किण्व
मग तर अजूनच खोटं.

सायसाखर
'होल-सेल'बद्दल कुणी बोललंच नाही! नुसतं विकर (एंझाइम) न वापरता अख्खी पेशी कामाला लावायची, हे आपण रोज रात्री करतो. विरजण म्हणजे दुसरं काय? दुधातल्या साखरेचं आम्ल करायला जिवंत जिवाणूच घालतो. चीजला रेनेट लावतात, तिथे नुसतं विकर. 'विरजण पद्धत' म्हणा, आईलासुद्धा कळेल.

रसशाळा
विरजणाने दही होतं, औषधाचं रसायन नाही. 'सपेशी उत्प्रेरण' नेमकं आहे.

सायसाखर
नेमकं असेल, पण कुणाच्या तोंडात बसेल? मला तर वाटतं विरजण, विरणे, विरघळणे हे सगळे एकाच घरचे शब्द आहेत.

काजवा
विरघळण्यात 'गळणे' दिसतंच आहे, त्याचं विरजणाशी नातं कसं लावता? विरजलं की दूध उलट घट्ट होतं. संस्कृतात विरजणाला 'आतंचन' आहे. एंझाइमला 'वितंचक' म्हणायचे ते त्याच कुळातलं. तो शब्द सोडून 'विकर' का धरलं याचं मला आजही वाईट वाटतं.

किण्व
सायसाखर, तुमचा शब्द मला आवडला. द्रवक्षार पाण्यापेक्षा जड, तो तळाशी बसतो, मधासारखा संथ ओघळतो. वर पाणी, आणि दोन थरांच्या मधोमध पेशींची पांढरट साय धरते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अदमुरं दहीच आठवलं होतं.

सायसाखर
अदमुरं! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमच्याकडे ते नुसतं खात, भातावर कधीच घेत नसत. तुमच्याकडे?

पाऊलवाट
भातावरच. वर मेतकूट.

ओंजळ
उद्या लेख द्यायचाय. द्रवक्षार की द्रवलवण?