बाजू घेणं आणि फूट पाडणं

एकांनी लिहिलंय की माहितीपटकार आनंद पटवर्धनांसारखे लोक जुन्या जखमा उकरून फूट पाडतात. पटवर्धन बाजू घेतात हे मान्य, ते लपवतही नाहीत. पण अयोध्येच्या वादावरचा त्यांचा 'राम के नाम' (१९९२) आठवा. त्यात सलोख्याची बाजू कुणी बाहेरचा विचारवंत मांडत नाही, तर न्यायालयाने नेमलेले रामजन्मभूमीचे पुजारी लालदास मांडतात. हे बाबरी मशीद पडण्याआधीचं चित्रण. लालदासांचा १९९३ मध्ये खून झाला.

त्यांच्याच 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटावर मात्र जास्त बोलायला हवं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, १० जण गेले. काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. आयुष्यभर डाव्या चळवळीत गायलेल्या या माणसाने शेवटी डोक्याला निळी, म्हणजे आंबेडकरी चळवळीच्या रंगाची, पट्टी बांधली होती. चित्रपट त्या निळ्या पट्टीचा माग काढतो, म्हणून तो डाव्यांनाही सोयीचा नाही. चित्रीकरण चाललं १४ वर्षं! एवढ्या काळात वस्तीतली माणसं नुसती 'पीडित' राहत नाहीत; ती गातात, चिडतात, नेत्यांवर हसतात. सुशिक्षित मंडळीही कॅमेऱ्यासमोर जातीवर बिनधास्त बोलतात, आणि आपण काय बोललो हे त्यांच्या गावीही नसतं. (लांबी तीन तासांहून जास्त, मला मधला भाग रेंगाळल्यासारखा वाटला.)

फूट तिथे आधीपासूनच होती. कॅमेरा नंतर पोचला.