नमुना धुतल्याशिवाय मोजू नका

स्वेटरच्या आधी नमुना, म्हणजे टाके मोजण्यापुरता छोटा चौकोन, विणण्यात वेळ वाया जातो, त्यापेक्षा सरळ बाहीपासून सुरुवात करावी, असं एकीने लिहिलंय. अ‍ॅक्रिलिकच्या कृत्रिम धाग्याला हे एकवेळ चालेल, ते धुतल्यावर फारसं बदलत नाही. पण बऱ्याच जणी आता मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीकडे वळल्यात, आणि त्यातही लेबलवर ‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर घेतायत. तिचं गणित वेगळं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकले की साधी लोकर गरम पाण्यात आटून घट्ट होते. सुपरवॉशमध्ये हे खवले रसायनांनी झिजवतात किंवा त्यांवर पातळ लेप चढवतात. आटणं थांबतं, पण टाक्यांची एकमेकांवरची पकडही सुटते, आणि ओला स्वेटर स्वतःच्याच वजनाने सैलावत जातो.

सध्या माझ्या गोल सुईवर याच लोकरीचा मोरपंखी स्वेटर आहे, गळ्यापासून खाली विणायचा. नमुन्यात आधी 4 इंचांत 22 टाके भरले. धुऊन, सपाट पसरून वाळवल्यावर 20. दोन टाक्यांनी काय होतंय? 40 इंच छातीसाठी 220 टाके धरले असते तर धुतल्यावर स्वेटर 44 इंचांचा, म्हणजे थेट नवऱ्याच्या मापाचा! बाहीलाच नमुना मानायचं तर खुशाल माना, पण तीही धुऊनच मोजावी लागेल. मग वेळ वाचला कुठे?