मदत हवी आहे : काळ्या जमिनीवर, संत्र्याच्या बगीच्यालगत माती-बांबूची खोली बांधायची आहे

नमस्कार. आम्ही वरूड तालुक्यातील एका खेड्यात राहतो. घराला लागूनच संत्र्याचा बगीचा आहे आणि दोहोंच्या मध्ये, जिथे पूर्वी गुरांचा गोठा होता, ती जागा आता मोकळी आहे. तिथे बारा बाय सोळा फुटांची खोली आणि तिच्यापुढे छपरी, एवढेच बांधकाम दिवाळीनंतर सुरू करण्याचा विचार आहे. मी गावातील मुलांची शिकवणी घेते. ती सध्या ओट्यावर भरते आणि मार्चनंतर तिथे मुलांना बसवत नाही. त्यामुळे खोली उजेडाची आणि उन्हाळ्यातही बसण्याजोगी हवी. त्याचबरोबर गोठ्याचे जे सामान हाताशी आहे ते वाया जाऊ नये, आणि नव्याने आणायचे ते शक्यतो जवळचे असावे, असा माझा आग्रह आहे.

हाताशी असलेले सामान असे : गोठ्याच्या सागवानी मयाली (आडव्या तुळया) व खांब (काहींची टोके उधईने, म्हणजे वाळवीने, खाल्लेली, पण गाभा ठणठणीत), कवेलूंचा (कौलांचा) मोठा ढीग, जोत्याचे काळे दगड आणि गावातील आमच्याच पडक्या वाड्याची पांढरी माती. ही माती आणि शेतातली काळी माती अशा दोन्ही मी काचेच्या बरण्यांत पाण्यात ढवळून ठेवून पाहिल्या. पांढऱ्या मातीत रेतीचा थर लगेच खाली बसला आणि वर पाणी निवळले. काळ्या मातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होते. म्हणून भिंतींसाठी पांढरी माती, गव्हाचे कुटार आणि शेण कालवून केलेला गारा वापरावा, असे मला वाटते.

खरी काळजी पायाची आहे. आमच्या कुंपणाच्या भिंतीला मधोमध तिरपी भेग आहे. पावसाळ्यात ती मिटत आल्यासारखी दिसते आणि वैशाखात तिच्यात बोट जाते. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते, हे इथे कोणालाही सांगावे लागत नाही; पण मातीची भिंत ही हालचाल कितपत सोसेल, हे मला कळत नाही. मिस्त्री म्हणतात की कॉलम-बीमचा सांगाडा उभा करून सगळे सिमेंटमध्येच बांधा. एक टन सिमेंट तयार होताना साधारण ६०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे वाचल्यापासून माझे मत असे झाले आहे की सिमेंट अगदी टाळता येत नसेल तर जिथे त्याला पर्याय नाही तिथेच ते वापरावे. ती जागा नेमकी कोणती, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न उधईचा. पायात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक ओतून घ्या, असा सल्ला सर्वजण देतात. परंतु आमची पिण्याच्या पाण्याची विहीर या जागेपासून जवळ आहे आणि संत्र्याची मुळे तर अगदी लगत आहेत. या भागातील भूजलाचा उपसा आधीच इतका झाला आहे की जे पाणी शिल्लक आहे त्यात विष उतरण्याची शक्यताही मला नको आहे. औषधाविना उधई रोखण्याचा खात्रीचा मार्ग आहे का?

तिसरा प्रश्न छपराचा. कवेलू थंड असतात, घरचेच आहेत, मोडले तर मातीतच जातात. पण वानरांच्या टोळ्या आल्या की एका सकाळी अर्धे छप्पर विस्कटून जाते. गावातल्या बहुतेकांनी याच कारणाने टीन टाकले. टिनाखाली एप्रिल-मे महिन्यांत मुले कशी बसतील?

बांबू मेळघाटातून, धारणी तालुक्यातील लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राकडे चौकशी करून आणण्याचा विचार आहे. खर्चाची मर्यादा तीन लाखांची आहे. ज्यांनी अशी कामे स्वतः केली किंवा करवून घेतली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

ताई, बांधकाम विभागात नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि आयुष्य अमरावती-यवतमाळच्या काळ्या जमिनीतच गेले आहे, म्हणून पायाबद्दल तेवढे सांगतो.

आधी चारही कोपऱ्यांवर खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहा. चार-पाच फुटांत लागला तर पाया थेट त्यावर बसवा. न लागल्यास उन्हाळ्यातल्या भेगा जिथे संपतात त्याच्या खाली जा, चर भिंतीच्या दोन्ही बाजूंना फूटभर रुंद घ्या, काळी माती पूर्ण काढा आणि सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम भरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून घ्या. त्यावर गोठ्याचेच काळे दगड चुन्यात रचा. जोत्याच्या पातळीवर मात्र लोखंडी सळ्यांची सिमेंट काँक्रीटची सलग पट्टी खोलीभोवती फिरवाच. तुम्ही विचारलेली सिमेंटची जागा हीच. जमीन थोडी हलली तरी ही पट्टी भिंतींना एकत्र धरून ठेवते, आणि ओल व उधई वर चढू न देण्यासही तिची मदत होते. कॉलमची गरज एकमजली खोलीला नाही.

आता एक प्रश्न. तुम्ही संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) घेता की मृग (पावसाळ्याच्या सुरुवातीचा)? आंबियासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडे ताणावर सोडली, म्हणजे त्यांचे पाणी तोडले, की जमीन सुकून आकसते, आणि ताण तोडून पाणी दिले की तीच जमीन फुगते. मृगाचा ताण तर ऐन उन्हाळ्यात पडतो. पाया एका बाजूने बगीच्याकडे आणि दुसऱ्या बाजूने घराकडे असेल तर एक अंग ओले व दुसरे कोरडे राहते, आणि भेगा पडण्याचे हे मोठे कारण असते. खोली झाडांच्या ओळीपासून निदान पंधरा फूट दूर ठेवा, ठिबकची नळी त्या पट्ट्यात येऊ देऊ नका आणि खोलीभोवती चार फुटांची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करा. छपराचे पाणी भिंतीशी पडता कामा नये.

उधईबद्दल : ती जमिनीतूनच येते आणि उजेड टाळण्यासाठी मातीची नळी बांधत वर चढते. जोते दोन फूट उंच ठेवा, काँक्रीटच्या पट्टीवर पत्र्याची पट्टी बाहेर दोन इंच वाकवून बसवा, भिंतीला टेकून वेल, सरपण किंवा शेणी ठेवू नका. मग तिने नळी बांधली तरी ती पत्र्याच्या बाहेरून, डोळ्यांसमोर बांधावी लागेल आणि झाडूने पाडता येईल. गोठ्याच्या जागेत जुन्या खांबांची खुंटे पुरलेली असतील तर ती सगळी उकरून काढा. उधईचे घर बहुधा तिथेच असते.

प्रतिसाद २

आमचे वर्ध्याजवळ मातीचे घर आहे, त्यामुळे भिंती आणि छपराबद्दल लिहिते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कधीही करू नका. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही आणि दोन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटून येतो, सोबत भिंतीची मातीही घेऊन. बाहेरून चुन्याचा गिलावा करा. वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. कळीचा चुना आणून तो पाण्यात विरवून काही आठवडे मुरू द्यावा लागतो, हे काम उशिरा सुरू करू नका. झडीचा मारा सोसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला तीन फुटांची वळचण द्या आणि छपरी शक्य असेल तर त्याच बाजूला घ्या. दुपारचे ऊनही तिथूनच येते.

छपरासाठी आम्ही मधला मार्ग काढला. वर टीन, त्याला पांढरा चुना, आणि खाली दोन-अडीच फुटांवर बांबूच्या कमच्यांचा माळा, त्यावर मातीचा तीन इंचांचा थर. टीन आणि माळा यांच्यामधली हवा दोन्ही बाजूंच्या त्रिकोणांतून वाहू दिली, तिथे फक्त जाळी आहे. टीन तापते, पण त्याची धग खाली उतरत नाही. तुमचे कवेलू छपरीवर वापरता येतील; ती बुटकी असल्याने कवेलू मोडले तरी कोणीही शिडीशिवाय बदलू शकते.

बांबू कोणत्याही ठिकाणाहून आणा, पण तो तीन-चार वर्षांचा पक्का आणि हिवाळ्यात तोडलेला आहे याची खात्री करा. ओल्या, कोवळ्या बांबूत साखर व स्टार्च जास्त असल्याने भुंगा लागतो आणि खाली पिवळी भुकटी पडू लागते. बोरॅक्स व बोरिक अॅसिडच्या पाण्यात बुडवून प्रक्रिया केलेलाच घ्या. पाण्यात विरघळणारे असल्याने हे मीठ पावसात धुऊन जाते, म्हणून तो बांबू छपराच्या आतच राहिला पाहिजे.

सवड काढून सेवाग्रामला जा. गांधीजींच्या आश्रमातील १९३६ सालापासून बांधलेल्या कुट्या माती, लाकूड, बांबू आणि कवेलूंच्याच आहेत. वळचण, ओटे आणि जोत्याची उंची यांची मापे टेपने घेऊन या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भाऊ, आम्ही आंबिया घेतो, आणि पहिली ओळ आखलेल्या जागेपासून जेमतेम आठ फुटांवर आहे. झाडे तोडायची नाहीत, त्यामुळे खोली घराच्या बाजूला सरकवून तिची लांबी दोन फुटांनी कमी करते. मुले तेवढी दाटीवाटीने बसतील. खड्डे पोळ्यानंतर वाफसा आला की घेईन आणि मुरूम किती खोल लागला ते इथे लिहीन.

ताई, माळ्याबद्दल एक शंका राहिली आहे. मातीच्या तीन इंची थराचे वजन बरेच होईल आणि खाली मुले बसणार आहेत. माझ्या सागवानी मयाली सहा इंच रुंद व आठ इंच उंच आहेत. बारा फुटांच्या गाळ्यावर त्या किती अंतराने टाकाव्यात? त्यांतील दोन मयालींची टोके उधईने खाल्ल्यामुळे तासून काढावी लागतील आणि भिंतीवरची टेक कमी होईल. त्या दोन छपरीसाठी ठेवाव्यात, की खाली दगडी तोडी (भिंतीतून पुढे काढलेले आधाराचे दगड) बसवून आतच वापरता येतील?