मदत हवी आहे: माथेरान, दोन चिल्लीपिल्ली आणि सासूबाईंचे गुडघे
आम्ही पुण्यात राहतो. लेक 4 वर्षांची, धाकटा अडीचचा. सुट्टी लागल्यापासून पेशवे पार्कातली फुलराणी (बागेतली छोटी आगगाडी) तीनदा झाली, कात्रजचे वाघ झाले. आता लेकीला 'खऱ्या डोंगरातली झुकझुकगाडी' हवीये! म्हणून मेमध्ये एक रात्र माथेरान, सासूबाईंसह. दस्तुरीच्या पुढे गाडी नेता येत नाही, तिथून अमन लॉज स्टेशनवरून माथेरानला झुकझुकगाडीची शटल, एवढं माहीत आहे. पण शटलला गर्दी असली तर? लाल मातीत बाबागाडी चालते का, की धाकटा कडेवरच? (घोडा नकोच, नुसता दिसला तरी भोकाड पसरतो.) सासूबाईंसाठी ई-रिक्षा सहज मिळते का? माकडांपासून खाऊ कसा वाचवता? आणि भर दुपारी मुलांना कुठे रमवलंत?