मदत हवी आहे: वर्षभराचा प्रवास विमा की दर ट्रिपला वेगळा?

नमस्कार मंडळी. लेक म्युनिकला असते. मे ते जुलै तिच्या बाळंतपणासाठी ७५ दिवस, ऑक्टोबरात भाचीच्या लग्नाला चार दिवस दुबई आणि नाताळात पुन्हा म्युनिक, अशा आमच्या तीन फेऱ्या ठरल्यात. मी ६४, हे ६९.

एजंट म्हणतो, 'काकू, वर्षाची मल्टी-ट्रिप घ्या, स्वस्त पडेल.' पण कागद चष्मा लावून वाचला तर आत बारीक अक्षरात, एका प्रवासाला जास्तीत जास्त ४५ दिवस! म्हणजे बाळंतपणातले उरलेले तीस दिवस विम्याविनाच. बरं, जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कवच मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी लागतं, त्यामुळे ही वर्षाची पॉलिसी तिथेही चालणार नाही. मल्टिपल एन्ट्री (एकाच व्हिसावर अनेकदा जाता येतं तो) व्हिसा मागितला तर अर्जाच्या वेळी फक्त पहिल्या फेरीचा विमा दाखवावा लागतो, हे मात्र बरं आहे.

माझा विचार: लांबच्या फेरीला सिंगल ट्रिप, बाकी दोनांसाठी वार्षिक. की दोनच फेऱ्यांसाठी तो महागच पडेल?

दुसरी काळजी ह्यांच्या बीपीची. रोज सकाळी एक गोळी, बाकी ठणठणीत. अर्जात मी खरं लिहिणारच, एजंट 'कशाला लिहिता' म्हणाला तरी. पण आधीपासूनच्या आजाराचा क्लेम कुणाला प्रत्यक्ष मिळालाय का? आणि डिसेंबरात हे सत्तरीचे होतील, तेव्हा वार्षिक पॉलिसीत वयाची अडचण येते का?

व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी आहे, जरा लवकर सांगा.