‘आधारद्रव्य’ की ‘आधारक’? पेशींबाहेरील मॅट्रिक्ससाठी कोणता शब्द योजावा?

प्रश्न:
गुडघ्यातील कूर्चेवरील (हाडांच्या टोकांवरील कार्टिलेजवरील) एका लेखाचे मराठी भाषांतर करीत असताना ‘एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स’ (पेशींभोवती पेशींनीच रचलेला ऐवज) या संज्ञेपाशी अडलो आहे. पेशीबाह्य द्रव्य, आंतरकोशिकीय पदार्थ, आधारद्रव्य आणि आधारक असे शब्द माझ्यासमोर आहेत. हे समानार्थी मानून आलटून पालटून वापरले तर चालतील का?

पहिले उत्तर:
चालणार नाहीत, आणि कूर्चेच्या लेखात तर मुळीच नाहीत.

‘पेशीबाह्य द्रव्य’ प्रथम बाजूला ठेवावे. वैद्यकात ‘पेशीबाह्य द्रव’ ही वेगळीच गोष्ट आहे: रक्तद्रव आणि ऊतींमध्ये झिरपलेले पाणी मिळून ७० किलो वजनाच्या प्रौढाच्या शरीरात तो सुमारे १४ लिटर भरतो. ‘द्रव’ आणि ‘द्रव्य’ यांत केवळ एका ‘य’चे अंतर असल्यामुळे मुद्रितशोधनात तो ‘य’ निसटला, तर घट्ट कूर्चेचे पाणी झालेच म्हणून समजा. ‘आंतरकोशिकीय’ हा शब्द ‘कोशिका’ मानणाऱ्या विश्वकोशाच्या परंपरेत बसतो, परंतु ज्या लेखात सर्वत्र ‘पेशी’ आहे तेथे तो उपरा वाटेल.

खरा पेच उरलेल्या दोन शब्दांत आहे. प्रौढ माणसाच्या सांध्यातील कूर्चेत पेशींनी व्यापलेली जागा एकूण आकारमानाच्या दोन-चार टक्क्यांपलीकडे जात नाही. बाकी सारा ऐवज त्या पेशींनीच घडवून आपल्याभोवती रचलेला असतो. या ऐवजात दोन प्रकृतींचे घटक आहेत. एक म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या (त्यातील ‘टाइप टू’ प्रकाराच्या) तंतूंचे जाळे, जे ताण सोसते. दुसरा म्हणजे त्या जाळ्यात कोंबून बसवलेला जेलसारखा भाग: त्यात ॲग्रेकन नावाचे अवाढव्य रेणू हायल्युरोनिक आम्लाच्या लांब साखळीला जोडलेले असतात आणि प्रत्येक ॲग्रेकन रेणू बाटली धुण्याच्या ब्रशासारखा, मधल्या प्रथिनाच्या दांड्यावर शर्करासाखळ्यांचे केस उभारलेला असा दिसतो. या साखळ्यांवरील ऋणभार सोडियमचे आयन खेचून घेतात, आयनांपाठोपाठ पाणी येते, आणि जेल फुगू पाहतो. कोलॅजेनचे जाळे त्याला फुगू देत नाही. कूर्चेच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणी असूनही ती वाहत का नाही, उलट अंगाचा भार कशी पेलते, याचे उत्तर या रस्सीखेचीत आहे. पाऊल टेकले की थोडे पाणी बाहेर दाबले जाते आणि भार उतरला की परत शोषले जाते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिच्या पेशींना पोषण द्रवातून पाझरत मिळते आणि या हालचालीचा त्याला हातभार लागतो.

यांपैकी केवळ जेलच्या भागाला ‘ग्राउंड सबस्टन्स’ ही स्वतंत्र संज्ञा आहे आणि ‘आधारद्रव्य’ हा शब्द तिच्यासाठीच राखून ठेवला पाहिजे. तंतू व आधारद्रव्य मिळून जे बनते ते ‘आधारक’. संपूर्ण मॅट्रिक्सला आधारद्रव्य म्हटले की तंतू वाक्यातून नाहीसे होतात.

प्रश्नकर्ता:
हे पटले. मग कोलॅजेनसाठी ‘श्लेषजन’ योजावे का?

दुसरे उत्तर:
कोलॅजेनच ठेवावे, कारण औषधाच्या दुकानापासून जाहिरातीपर्यंत तो शब्द आता रुळला आहे. त्याच्या मुळाशी ‘कोला’ म्हणजे सरस असा ग्रीक शब्द आहे. हाडे व कातडी उकळून सुतार वापरीत तो सरस आणि पायाचे सूप फ्रिजमध्ये ठेवल्यावर त्याची होणारी थलथलीत वडी, ही दोन्ही उष्णतेने उलगडलेल्या कोलॅजेनचीच रूपे आहेत. मुळात तो तीन साखळ्यांचा पीळ असतो आणि प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन असते, कारण पिळाच्या मध्यभागी त्याहून मोठे अमिनो आम्ल मावतच नाही. या रचनेचा आराखडा १९५४ साली मद्रास विद्यापीठातून जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडला होता. पीळ पक्का होण्यासाठी लागणारी रासायनिक प्रक्रिया क जीवनसत्त्वावाचून होत नाही. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येते आणि जुन्या जखमा उघडतात त्या त्यामुळेच.

माझा आक्षेप मात्र ‘आधारक’ या शब्दावर आहे. त्यातून निव्वळ टेकू सूचित होतो, आणि मॅट्रिक्स तसे निष्क्रिय नसते. पेशीच्या पटलातील इंटिग्रिन हे रेणू मॅट्रिक्समधील फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांना नेमक्या जागी पकडतात आणि बाहेरची खबर आत पोहोचवतात. मूलपेशी मऊ जेलवर वाढवल्या तर चेतापेशींकडे आणि कठीण जेलवर वाढवल्या तर अस्थिपेशींकडे झुकतात, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले.

पहिल्या उत्तराचे लेखक:
आक्षेपातील शास्त्र बरोबर आहे, परंतु तोच पुरावा शब्दाच्या बाजूनेही जातो. आवरण ऊतीतील (त्वचेसारख्या अस्तरातील) पेशी आपल्या आधारापासून सुटली तर सामान्यतः स्वतःहून मरते, म्हणजे ती शब्दशः निराधार होते. तेव्हा ‘आधार’ हा मराठी शब्द टेकूपुरता संकुचित मानण्याचे कारण नाही. खटकते ते वेगळ्याच ठिकाणी. क्रमिक पुस्तके रक्ताला संयोजी ऊती मानून रक्तद्रवाला त्याचे आधारक म्हणतात, पण रक्तद्रवातील बहुतेक प्रथिने रक्तपेशी नव्हे तर यकृत तयार करते, आणि तेथे तंतूंचे जाळेही रक्त गोठल्याखेरीज दिसत नाही. हा वापर वर्गीकरणाच्या सोयीपुरताच समजावा.

प्रश्नकर्ता:
मूळ लेखातील संधिवाताविषयीच्या वाक्याचे माझे भाषांतर असे झाले आहे: ‘प्रथम आधारद्रव्याची आणि नंतर आधारद्रव्याची झीज होते.’ पहिल्या मसुद्यात दोन्ही संज्ञांना मी एकच शब्द दिला होता, त्याचा हा परिणाम.

पहिल्या उत्तराचे लेखक:
झिजेच्या संधिवातात आधी ॲग्रेकन तुटून घटते, आणि कोलॅजेनचे जाळे कोलॅजिनेज विकरांकडून कातरले जाणे ही पुढची, बहुधा न भरून येणारी पायरी असते. म्हणून असे लिहावे: ‘कूर्चेच्या आधारकातील आधारद्रव्य प्रथम घटते आणि त्यानंतर त्यातील कोलॅजेन तंतूंचे जाळे तुटू लागते.’